कव्हरची जागा

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात सपाट जागा शोधावी लागते. पश्चिमेला सह्याद्रीची कड, मधून वाहणारी काळी नदी, सुपा धरणाचं पसरलेलं पाणी आणि उरलेल्या बऱ्याचशा मुलखावर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. वाड्या एकमेकींपासून लांब लांब, माणसं मोजकी. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा अशी थोडी मोठी गावं सोडली तर अकरा-अकराचे दोन संघ जमवतानाच संध्याकाळ होते. पण शाळेमागची १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद लाल माती दगड वेचून साफ केली, चुन्याच्या रेषा मारल्या, की कबड्डी सुरू होते. मुलींना १२ बाय ८ मीटर पुरतं. चेंडू नको, जाळी नको, पायात बूट नसले तरी चालतं. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांत घरी मराठी, कोकणी आणि कानडी बोलणारी मुलं एकाच संघात उभी असतात.

सामना बघायला जमलेली माणसं चढाईपटूकडे बघतात. बघणारच. सात जणांच्या अंगणात एकटा जाणारा, ३० सेकंदांचा दम, हातापायांची चपळाई, आणि परत येताना मध्यरेषेवर टेकवलेली बोटं. गावातल्या लहान मुलांना त्याचं नाव पाठ असतं. पकडीच्या वेळी कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेप घेतो, त्यालाही टाळ्या मिळतात. या दोघांच्या मधे, पकडीच्या ढिगाऱ्यात खाली कुठेतरी दाबला गेलेला, किंवा पकड झालीच नाही म्हणून नुसता उभा राहिलेला एक खेळाडू असतो. तो कव्हर. मी शाळेपासून डाव्या कव्हरला खेळत आले. या जागेचं समाधान कशात आहे ते नीट सांगितलं जात नाही असं मला वाटतं. ते सांगायचं तर आधी मैदान समजून घ्यावं लागेल.

बचावाच्या अर्ध्या मैदानाची खोली मध्यरेषेपासून मागच्या रेषेपर्यंत साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. कुणाला स्पर्श झाला नाही, तर चढाईपटूने निदान ही रेषा तरी ओलांडून परत आलं पाहिजे, नाहीतर तो बाद. तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. बचावात सहा किंवा सात जण असताना ती ओलांडली की चढाई करणाऱ्या संघाला एक गुण. (ही मापं पुरुषांच्या मैदानाची. मुलींच्या मैदानात निदान रेषा तीन मीटरवर असते.) दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी. या चौकटीत सात जण डावीकडून उजवीकडे असे असतात: डावा कोपरा, त्याच्या शेजारचा इन, डावा कव्हर, मधला, उजवा कव्हर, उजवा इन आणि उजवा कोपरा. जोड्या हात धरून उभ्या राहतात. हीच साखळी.

आता पकड कशी होते ते पाहू. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, कोपरा झेप घेऊन त्याचा घोटा धरतो. बघणाऱ्याला वाटतं, सापडला. पण गणित वेगळं आहे. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पालथा पडून हात पूर्ण ताणतो तेव्हा घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास भरतं. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर आहे. म्हणजे तिथे घोटा सापडला तर त्याला आणखी अडीच मीटर सरकायचं आहे. तोच घोटा निदान रेषेजवळ सापडला तर उरतो जेमतेम दीड मीटर. ज्येष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलो आहे. असा ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा जोरदार गडी घोट्याला लोंबकळणाऱ्या एका माणसाला दीड मीटर सहज फरफटत नेतो. आणि बोटं मध्यरेषेला टेकली की ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाद. म्हणजे एकट्या कोपऱ्याच्या हातून पकड सुरू होते. ती पुरी होईल की नाही हे पुढच्या अर्ध्या सेकंदात दुसरा कुणीतरी ठरवतो.

तो दुसरा बहुतेक वेळा कव्हर असतो. कोपरा बाहेरच्या बाजूने येतो, कव्हर मधून तिरका येतो, आणि त्याचं पहिलं काम चढाईपटूला धरणं हे नसतंच. मध्यरेषेकडे जाणारी वाट बंद करायची, हे काम. चढाईपटू आणि रेषा यांच्यामधे आपली छाती आणायची. ब्लॉक लावायचा, जमलं तर मांडी पकडायची, तो बाजूच्या रेषेलगत असेल तर खांद्याने डॅश देऊन त्याला मैदानाबाहेर काढायचं. यात ताकद लागते, पण त्याआधी जागा लागते. कव्हर दोन पावलं मागे राहिला तर तो ढिगाऱ्यावर पडतो आणि ढिगारा त्याच्यासकट मध्यरेषेपर्यंत सरकतो. दोन पावलं पुढे गेला तर चढाईपटूच्या हाताच्या टप्प्यात येतो आणि एकाऐवजी दोघं बाद होतात. त्यातून तोंड दाबून दम तोडायचा नाही, पायांची कैची घालायची नाही, केस किंवा कपडे ओढायचे नाहीत, आणि समोरच्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही. एवढं सगळं सांभाळून अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो.

हा निर्णय विचार करून होत नाही. तो हातातून येतो. साखळीत हात कशासाठी धरतात, असं नवीन मुली विचारतात. त्याचं दिसणारं कारण म्हणजे दोघींमधलं अंतर कायम राहतं आणि मधून फट पडत नाही. दुसरं कारण असं की चढाईपटूची लाथ आली तर जोडीदाराला मागे खेचता येतं, आपला तोल सांभाळायलाही तिचा आधार होतो. पण सगळ्यांत महत्त्वाचं कारण खेळल्यावरच कळतं. डोळे चढाईपटूच्या कमरेवर खिळलेले असतात. (त्याच्या हातांकडे पाहिलं की हूल बसते, कमर सहसा खोटं बोलत नाही.) त्यामुळे शेजारच्या मुलीकडे बघायला वेळ नसतो. तिच्या बोटांचा दाब मात्र कळतो. ती निघणार आहे की थांबणार आहे, घाबरली आहे की दबा धरून आहे, हे तळहाताला समजतं. दाब वाढला आणि हात सुटला की आपण निघायचं. वर्षभर एकत्र सराव केलेल्या जोडीत तो दाब आणि आपलं पहिलं पाऊल यांच्यात अंतर उरतच नाही. कुणाच्या तरी मनातलं आपल्या पायांना आधी समजतं, हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही कामात आलेला नाही. कव्हरला खेळण्याचं पहिलं सुख माझ्यासाठी हेच.

दुसरं सुख बाहेरून अजिबात दिसत नाही, कारण त्यात काही घडतच नाही.

चढाईपटू येतो. डावीकडे जातो, तिथली जोडी अर्धं पाऊल मागे घेते आणि कव्हर अर्धं पाऊल आत येतो. चढाईपटूला मागे आपल्या परतीच्या वाटेवर कुणीतरी आल्याची जाणीव होते, तो वळतो. उजवीकडे जातो, तिथेही तसंच. निदान रेषा ओलांडतो, बोनसकडे बघतो, पाय उचलतो आणि टाकत नाही. परत जातो. गुणफलक हलला नाही, टाळी वाजली नाही, समालोचकाने पुढच्या चढाईपटूचं नावही घेतलं. पण त्या वीस-पंचवीस सेकंदांत त्याला जे जे करायचं होतं ते ते नाकारलं गेलं, आणि तेही कुणी त्याच्या अंगाला हात न लावता. चढाईपटू डोक्यात परतीची वाट धरून आत येतो. कव्हर त्या वाटेवर नुसता उभा राहू लागला की त्याचं धाडस कमी होतं. जो पाय टाकलाच गेला नाही त्याची नोंद कुठे होणार?

कबड्डीच्या आजच्या नियमांनी या न घडण्याला वजन दिलं, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा एक नियम घरोघरी पोचला. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी चढाई निर्णायक. तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद आणि गुण बचावाला. पूर्वी निष्फळ चढाई म्हणजे वेळ काढणं एवढंच होतं. आता तिसऱ्या वेळी त्याला यावंच लागतं, धोका पत्करावाच लागतो. कोपरा तिथे घोटा पकडतो आणि गुण मिळवतो. तो गुण आधीच्या दोन चढायांमधे उभा राहून दोन कव्हरांनी तयार करून ठेवलेला असतो. दुसरा नियम अव्वल पकडीचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर दोन गुण. तीन जणांत साखळी उरत नाही, कोपरा-कव्हर हा भेद विरतो, प्रत्येकाला प्रत्येकाचं काम करावं लागतं. तिथे कव्हरला खेळलेल्या मुलीचा उपयोग होतो, कारण तिला दुसऱ्याची चाल वाचायची सवय असते.

बाद झालेला गडी परत कसा येतो, तेही इथेच सांगते. महाराष्ट्रात हुतुतू खेळला जायचा तेव्हा संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे निरनिराळे प्रकार होते. गामिनीत बाद झालेला परत उठत नसे, पूर्ण संघ बाद होईपर्यंत खेळ चाले. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राही, फक्त गुण मोजले जात. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक उठे. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली आहे. त्यामुळे एका पकडीने गुण मिळतो आणि बाहेर बसलेला सोबतीही आत येतो. आपली सर्वांत चांगली चढाईपटू बाहेर पायाला माती चोळत बसलेली आहे, आणि आपण मधे छाती घालून थांबवलेल्या एका चढाईमुळे ती उठून आत येते. पुढच्या मिनिटात ती तीन गुण आणते, ते तिच्याच नावावर लागतात. लागावेत. ती आत का आली हे तिला आणि मला माहीत असतं.

आता आकडे. प्रो कबड्डीत प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे १८०० च्या वर गुण आहेत. पकडीत सर्वांत वर असलेला इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली पाचशेच्या पुढे गेला. फरक सुमारे तिपटीचा. कारण उघड आहे: चढाई एकटा करतो, पकड सात जणांत वाटली जाते. आणि पकड चौघांनी मिळून केली तरी तक्त्यात गुण एकाच्याच नावावर लागतो. तो बहुधा कोपऱ्याचा. त्यामुळे कव्हर तक्त्यात आणखी खाली जातो.

म्हणून कव्हरचं काम तक्त्यात शोधू नये, सामन्याच्या गुणसंख्येत शोधावं. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात यू मुंबा विजेते ठरले. अंतिम सामन्यात त्यांनी बंगळुरू बुल्सला ३६–३० असं हरवलं. लोकांना कर्णधार अनुप कुमार आठवतो, आणि कोपऱ्यांवरचे सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर. त्या दोघांना निर्धास्त झेप घेता आली, कारण मधे मुंबईचा विशाल माने आणि तमिळनाडूचा जीवा कुमार हे कव्हर होते. दोघेही भडक खेळाडू नव्हते. जीवा कुमारची चाल तर इतकी शांत, की तो कधी निघाला हे चित्रफितीतही पुन्हा बघावं लागतं.

२०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकाचा अंतिम सामना अजय ठाकूरचा म्हणून ओळखला जातो. त्याने चढायांत १२ गुण मिळवले, ते कौतुक त्याचं आहेच. पण गुणसंख्या नीट वाचा. मध्यंतराला भारत इराणविरुद्ध १३–१८ असा पिछाडीवर होता, आणि शेवटी ३८–२९ ने जिंकला. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत १८ गुण करणाऱ्या इराणला पुढच्या वीस मिनिटांत फक्त ११ मिळाले. या कमी पडलेल्या गुणांमधे चढाईपटूचा वाटा आहे, कारण त्याने इराणचे गडी बाहेर बसवले, तरी तो सगळा त्याचा नाही, बाकीचा बचावाचा. त्याच्या पुढच्या आशियाई स्पर्धेत, २०१८ मध्ये जकार्ताला, इराणने हेच भारताला दाखवलं. उपांत्य सामना २७–१८. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धांत आली तेव्हापासून एकही सुवर्णपदक न सोडलेला भारतीय पुरुष संघ चाळीस मिनिटांत केवळ १८ गुण करू शकला. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ ने हरवलं, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी दुःख झालं, आणि महाराष्ट्रातली कबड्डी किती दूर पोचली आहे याचा अभिमानही वाटला.

२०२४ च्या १ मार्चला हैदराबादेत प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात पुण्याचा इराणी बचावपटू मोहम्मदरझा शादलू याने पकडींचे ९९ गुण मिळवले. लिलावात त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले गेले होते, म्हणजे बचावालाही आता किंमत आली. तरी मला त्या संघातला मधला भाग बघायला जास्त आवडला. अबिनेश नदराजन आणि संकेत सावंत हे कव्हर, आणि त्यांच्या आजूबाजूला मोकाट झेपावणारे कोपरे. २८–२५ हा अंतिम सामन्यासाठी कमी गुणांचा निकाल आहे. असा निकाल लागतो तेव्हा समजावं की दोन्ही बाजूंचे कव्हर जागेवर होते.

कव्हरसारखीच न दिसणारी जागा असलेला एक खेळ जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे, रोलर डर्बी. चाकांचे बूट घालून लंबगोल धावपट्टीवर खेळतात. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझरने तो सुरू केला, आणि या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या बायकांनी त्याला नव्याने उभं केलं. आज तो मुख्यतः बायकांचाच खेळ म्हणून ओळखला जातो. प्रत्येक संघाच्या पाच जणी धावपट्टीवर असतात. एकीच्या शिरस्त्राणावर चांदणी असते, ती जॅमर. पहिल्या फेरीनंतर समोरच्या संघाच्या जितक्या जणींना ती ओलांडून पुढे जाईल तितके गुण. उरलेल्या चौघी ब्लॉकर. त्या अंगाला अंग लावून भिंत करतात आणि समोरच्या जॅमरला अडवून धरतात. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. ब्लॉकरला स्वतःला एकही गुण मिळत नाही, कधीच नाही.

त्यांच्या भिंतीची एक रचना मला फार जवळची वाटते. तिघी मिळून उभ्या राहतात. दोघी पाठमोऱ्या, जॅमरला कंबर आणि पाठ लावून अडवणाऱ्या. तिसरी त्यांच्यापुढे, उलट्या दिशेने तोंड करून, मागे मागे सरकणारी. तिचे हात दोघींच्या खांद्यावर किंवा कमरेवर. धक्का लागला की त्या दोघी मोडू नयेत म्हणून ती टेकू देते, आणि जॅमर कुठल्या बाजूने येते आहे हे तीच बघून सांगते. ज्या दिशेला सगळा खेळ चालला आहे त्या दिशेकडे तिची पाठ असते. तिचा चेहरा स्वतःच्या सोबत्यांकडे असतो. कबड्डीत आमचे चेहरे चढाईपटूकडे असतात, तरी साखळीत धरलेला तो हात तेच काम करतो. दोन्ही खेळांना एकमेकांची खबर नाही. एका माणसाला अडवायला अनेकांनी एक व्हायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून उत्तरही सारखं निघालं.

कव्हरला खेळण्यात शरीराचंही सुख आहे, ते लपवू नये. लॉबीकडे सरकणाऱ्या चढाईपटूवर वेळेत दिलेला डॅश लागतो तेव्हा खांद्यापासून टाचेपर्यंत एक घट्ट समाधान उतरतं. गुडघे सोलतात, तोंडात माती जाते, पावसाळ्यानंतरच्या ओलसर जमिनीवर घसरून कोपरं रंगतात. चौघींच्या ढिगाऱ्यात खाली आपण असतो, वर काय चाललं आहे ते दिसत नाही, फक्त मध्यरेषेकडे ओढणारा जोर हळूहळू मंदावत गेल्याचं अंगाला कळतं. मग शिट्टी. ढिगारा उकलतो, कोपऱ्यातली मुलगी हात वर करते, आणि आपण आपल्या जागेवर जाऊन पुन्हा शेजारचा हात धरतो. मला त्या क्षणी कधी वाटलं नाही की माझंही नाव घ्यावं. पुढची चढाई तोंडावर आलेली असते आणि हात पुन्हा हातात असतो, तेवढं पुरे होतं.

पण जे खेळणाऱ्याला पुरतं ते शिकवणाऱ्याला पुरू नये. आमच्याकडे स्पर्धेच्या शेवटी सर्वोत्कृष्ट चढाईपटू, सर्वोत्कृष्ट पकडपटू आणि अष्टपैलू अशी तीन बक्षिसं असतात, आणि ती गुणतक्ता बघून दिली जातात. परिणाम असा होतो की चपळ, धीट मुलगी चढाईकडे जाते किंवा कोपरा मागते, आणि मधे उरतील त्यांना उभं केलं जातं. जिथे शाळेत सात मुली जमतानाच मारामार असते तिथे ही निवड फार महाग पडते. मधली जागा समजूतदार मुलीला दिली पाहिजे, जी न बोलता दुसरीचं ऐकते तिला. आणि ती जागा मोलाची आहे हे तिला दिसलं पाहिजे.

त्यासाठी मला एक साधी वही सुचते. अधिकृत गुणपत्रिका आहे तशीच राहू दे. संघाने स्वतःपुरत्या तीन नोंदी ठेवाव्यात. एक, प्रत्येक पकडीत पहिला हात कुणाचा आणि मध्यरेषेची वाट कुणी बंद केली, ही दोन नावं. दोन, समोरच्या किती चढाया निष्फळ गेल्या आणि त्या वेळी मधे कोण होतं. तीन, कुणाच्या पकडीने कोण उठून आत आलं. महिनाभरात चित्र बदलतं. जिच्या नावावर तक्त्यात दोनच गुण आहेत तिचं नाव या वहीत पानोपानी दिसू लागतं. वही लिहायला वेगळा माणूस नको. बाहेर बसलेल्या राखीव मुलींपैकी एकीला पेन द्यावा. बघता बघता तीही मधली जागा शिकते, आणि पुढच्या सामन्यात कुणाचा घोटा मुरगळला तर आत कुठे उभं राहायचं हे तिला सांगावं लागत नाही.